पहिल्या चेंडूआधीची वीस मिनिटं

न्यू जर्सी आणि आसपासच्या राज्यांत राहणाऱ्या मराठी आईबाबांनो,

फेब्रुवारी संपत आला. मैदानांच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग अजून वितळलेले नाहीत, तरी शाळांच्या जिममध्ये लिटल लीग बेसबॉलचे सराव सुरू झालेत. गराजमधल्या खोक्यातून ग्लोव्ह बाहेर आले असतील, गेल्या वर्षीचे बूट पायात जात नाहीत म्हणून नवे घेऊन झाले असतील. आमच्या गावात एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सामने सुरू होतील, तुमच्याकडेही त्याच सुमारास. हातात पाच आठवडे आहेत. तेवढ्यात मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि ती मी सुरुवातीलाच मागते. या मोसमात मुलांना सामन्याच्या वेळेला मैदानावर आणू नका. चाळीस मिनिटं आधी आणा. त्यातली पहिली वीस मिनिटं त्यांनी चेंडूला हात लावायचा नाही. अंग तापवायचं, सांधे मोकळे करायचे आणि मगच ग्लोव्ह चढवायचा.

हे मी कळवळून लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी मी हेच केलं नाही.

माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. पिचिंग करायचा आणि चांगली करायचा. रविवारी मराठी शाळा साडेबाराला सुटायची आणि सामना एकला असायचा. गाडीच्या मागच्या सीटवर तो जर्सी बदलायचा, डब्यातली पोळीभाजी कशीबशी संपवायचा आणि मी गाडी लावेपर्यंत धावत मैदानात शिरायचा. तिथे हाक यायची, चल लवकर, हात गरम कर. म्हणजे कॅचरकडे आठ-दहा चेंडू जोरात फेकायचे. झाला वॉर्म-अप. एप्रिलमध्ये इथे भर दुपारीसुद्धा कधी कधी आठ-नऊ अंश सेल्सिअसच्या वर पारा जात नाही. आम्ही बघणारे जाड जाकिटं घालून थर्मासमधला चहा पीत बसायचो आणि अकरा वर्षांचं पोर गारठलेल्या हाताने सगळा जीव लावून चेंडू फेकत असायचं. त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी तो डाव्या हाताने दात घासताना दिसला. विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं आई." हात सरळ कर म्हटलं, तर उजवं कोपर पूर्ण उघडेना. आतल्या बाजूच्या हाडावर बोट टेकवलं तसा कळवळला. मग एकेक बाहेर आलं. तीन आठवड्यांपासून दुखत होतं. उन्हाळी संघाची निवड तोंडावर आली होती, म्हणून त्याने कोचला सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही नाही.

डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. डाव्या कोपरात वाढीच्या कूर्चेची बारीक रेघ दिसत होती. उजव्या कोपरात तीच रेघ रुंदावलेली होती. हाडाचा तुकडा सुटून आला नव्हता, एवढं नशीब. सहा आठवडे चेंडू फेकायचा नाही आणि नंतर फिजिओच्या देखरेखीखाली अगदी हळू सुरुवात, असं ठरलं. उन्हाळ्याचा सगळा मोसम गेला. पहिल्याच भेटीत फिजिओने विचारलं, "सामन्याआधी हा काय काय करतो?" मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही.

मला जास्त लाज वाटली. मी सांगली जिल्ह्यात वाढले आणि शाळेच्या संघातून खो-खो खेळले. आमचे सर मैदानाला चार फेऱ्या आणि बारा सूर्यनमस्कार झाल्याशिवाय खांबाजवळ उभं राहू देत नसत. उशिरा आलेली मुलगी त्या दिवशी बाहेर बसायची, मग ती कितीही चपळ असो. तालमीतला पैलवान आधी जोर-बैठका मारतो, घाम फुटल्यावर मातीत उतरतो. अंग तापल्याशिवाय खेळायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं होतं. पण खेळ परका, नियम परके, म्हणून मी सगळं कोचवर सोडून दिलं. आणि लिटल लीगचा कोच म्हणजे तरी कोण? बहुतेक वेळा कुणाचा तरी बाबा किंवा आई, ऑफिसातून धावत आलेली, एक पैसा न घेता बारा-तेरा मुलं सांभाळणारी. हे काम त्यांच्या एकट्याच्या गळ्यात घालून आपण खुर्च्या मांडून बसणं बरं नाही.

नेमकं काय बिघडतं ते एकदा नीट समजून घ्या. मग वीस मिनिटांचा माझा आग्रह जाचक वाटणार नाही.

मुलांची हाडं टोकांपाशी अजून पक्की झालेली नसतात. तिथे वाढीची कूर्चा असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. कोपराच्या आतल्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो, त्याला मूठ आवळणारे आणि मनगट वाकवणारे स्नायू चिकटलेले असतात. कोपर बाजूला फाकू न देणारा मुख्य अस्थिबंधही तिथूनच निघतो. मुलग्यांमध्ये हा उंचवटा साधारण पंधरा ते सतराव्या वर्षाच्या दरम्यान मूळ हाडाशी सांधला जातो. तोवर त्या जागी सगळ्यात कच्ची असते ती कूर्चा. मोठ्या पिचरचा अस्थिबंध फाटतो. अकरा वर्षांच्या मुलाची कूर्चा ताणली जाते, दुखायला लागते आणि तरीही फेकत राहिला तर हाडाचा तुकडाच ओढला जातो. अमेरिकेत या दुखण्याला 'लिटल लीग एल्बो' म्हणतात आणि हे नाव वैद्यकीय लिखाणात १९६० साली आलं. लिटल लीग सुरू झाली १९३९ साली, पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात. म्हणजे हे दुखणं डॉक्टरांना साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे आणि तरी आपल्यासारख्या घरांपर्यंत त्याची खबर पोचलेली नाही. खांद्यातही दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला असंच होतं आणि तिथली कूर्चा तर आणखी उशिरा, सतरा ते वीस वर्षांच्या दरम्यान मिटते.

हा ताण येतो कुठून? चेंडू हात फेकतो असं आपल्याला दिसतं, पण जोर जमिनीतून येतो. पाय रेटा देतो, खुबा वळतो, कंबर आणि पाठ पिळली जाते, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी कोपर आणि मनगट चाबकाच्या टोकासारखं सुटतं. व्यावसायिक पिचरचा दंड त्या क्षणी खांद्यात सेकंदाला सुमारे ७००० अंश वेगाने आत वळतो. तसाच फिरत राहिला तर एका सेकंदात एकोणीस गिरक्या पुऱ्या होतील. मुलाचा वेग कमी असतो, पण क्रम हाच. खुबा आखडलेला असेल, पाठ वळत नसेल, तर वेग द्यायचं सगळं काम खांद्यावर आणि कोपरावर येऊन पडतं. आता आपल्या मुलांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सहा तास शाळेत बसून, मग बसमध्ये बसून, मग गृहपाठ, मग स्क्रीन, मग अर्धा तास गाडीत. त्यात अकरा ते चौदा हे उंची सुटण्याचं वय. हाडं झपाट्याने लांबतात, स्नायू मागे राहतात आणि गेल्या दिवाळीत वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावणाऱ्या मुलाचे हात आता नडगीपर्यंतच पोचतात. नेमक्या या वयात आपण त्याला गाडीतून उतरवून थेट माउंडवर उभा करतो.

बाबामंडळींकडून एक वाक्य मी वर्षभर ऐकलं: "आम्ही दिवसदिवस बोलिंग टाकायचो, आम्हाला नाही काही झालं." त्यांनी बोलिंग टाकली हे खरं, पण ती क्रिकेटची होती. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर तो चेंडू अवैध ठरतो. म्हणून वेगवान गोलंदाजाची कंबर धरते, पाठीच्या मणक्याला चिरा जातात, पण कोपर सहसा शाबूत राहतं. पिचरचं कोपर काटकोनात वाकलेलं असतं आणि क्षणार्धात उघडतं, दर चेंडूला. शिवाजी पार्कवरचा किंवा गल्लीतला आपला अनुभव इथे कामाचा नाही. तो बाजूला ठेवा, एवढीच विनंती.

दुसरं वाक्य जास्त घातक आहे. दुखलंच तर ऑपरेशन होतं आणि उलट हात आधीपेक्षा मजबूत होतो, असं इथली मोठी मुलं एकमेकांना सांगतात. त्यांच्या बोलण्यात असतं ते टॉमी जॉन यांचं ऑपरेशन. २५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाच्या या पिचरच्या दुसऱ्या हातातला स्नायुरज्जू काढून डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसवला. १९७५ चा संपूर्ण मोसम त्यांनी बाहेर काढला, पुढच्या वर्षी परतले आणि १९८९ पर्यंत खेळले. ही गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण ऑपरेशनच्या वेळी ते ३१ वर्षांचे होते, त्यांची हाडं कधीच पक्की झाली होती. शिवाय ते ऑपरेशन गेलेला हात परत मिळवण्यासाठी असतं. धडधाकट हात त्याने बळकट होत नाही. आपल्या घरात हे वाक्य ऐकू आलं तर त्याच क्षणी मुलाला समोर बसवून समजावून सांगा.

आता वॉर्म-अपने खरंच फरक पडतो का? पडतो. जपानमधल्या योकोहामा भागात संशोधकांनी ९ ते ११ वर्षांच्या मुलांच्या बेसबॉल संघांना दोन गटांत वाटलं. एका गटाने वर्षभर वॉर्म-अपमध्ये ठरावीक नऊ व्यायाम केले: पाच ताणाचे, दोन हालचालीचे, दोन तोल सांभाळण्याचे. दुसऱ्या गटाने आपला नेहमीचाच वॉर्म-अप चालू ठेवला. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्या गटात खांद्याच्या आणि कोपराच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. त्या मुलांचे खुबे आणि खांदे जास्त मोकळे झाले होते, पाठीचा बाक कमी झाला होता आणि त्यांच्या चेंडूचा वेगही वाढला होता. वेग वाढल्याची ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा. दुखापतीच्या भीतीने मुलं व्यायाम करत नाहीत, पण चेंडू जोरात जाईल म्हटलं की सगळी रांगेत उभी राहतात.

मैदानावर नेमकं काय करायचं ते आता सविस्तर सांगते. यात महागडं काहीच लागत नाही.

पहिली पाच मिनिटं पळणं. आउटफिल्डच्या कडेने हलकं धावायचं, मग आडवं सरकत जायचं, मग उड्या मारत, मग पाठमोरं. कपाळावर ओल दिसली पाहिजे. थंडी जास्त असेल तर पाचाची सात मिनिटं करा आणि जाकिटं या वेळात अंगावरच राहू द्या. अंग गरम झालं की रक्त स्नायूंत उतरतं आणि स्नायू ताण सोसायला तयार होतो. थंड स्नायू ओढून लांब करायला जाऊ नका.

मग दहा मिनिटं सांधे मोकळे करायचे, पण चालता चालता, हालचालीतून. इथे एक जुनी सवय मोडावी लागेल. आपल्या शाळेत पीटीच्या तासाला वाकून अंगठे धरायचे आणि तीसपर्यंत आकडे मोजायचे, तसं स्थिर धरून ठेवलेलं लांब ताणणं खेळाआधी नको. त्याने स्नायूचा झटका काही काळ मंदावतो. ते खेळ संपल्यावर करायचं. खेळाआधी गुडघे छातीपर्यंत उचलत चालायचं, टाचा मागे लावत पळायचं, कुंपणाला धरून एकेक पाय पुढेमागे आणि आडवा झुलवायचा. मोठं पाऊल टाकून गुडघा वाकवायचा आणि त्याच स्थितीत धड पुढच्या पायाच्या बाजूला वळवायचं. हा एक व्यायाम मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण खुबा, मांडी आणि पाठ तिन्ही एकदम जागी होतात आणि चेंडू फेकताना शरीर साधारण याच अवस्थेतून जातं. प्रत्येक पायावर सहा वेळा, घाई न करता. नंतर जमिनीवर हातगुडघे टेकून मार्जारासनासारखी पाठ वरखाली करायची. त्याच स्थितीत एक हात डोक्यामागे ठेवून ते कोपर आधी जमिनीकडे आणि मग आकाशाकडे न्यायचं. पाठीचा वरचा भाग किती आखडला आहे ते पहिल्याच दिवशी कळेल. माझ्या मुलाचं कोपर सुरुवातीला आकाशाकडे वळायलाच तयार नव्हतं. एका पायावर उभं राहून पुढे झुकायचं आणि तोल सांभाळायचा, हेही रोज दोन-तीनदा. पिचर प्रत्येक चेंडूला एका पायावर येतो. तिथे डगमगला की सगळा भार हातावर जातो.

शेवटची पाच मिनिटं खांद्यासाठी. हात बाजूला पसरून आधी लहान, मग मोठी वर्तुळं, दोन्ही दिशांना. दंड काढतो त्या स्थितीत कोपरं ताठ ठेवून फक्त पाठीवरची फऱ्याची हाडं जवळ आणायची आणि लांब न्यायची. मग रबरी पट्टा कुंपणाला बांधून, कोपर कुशीला टेकवून, हात बाहेरच्या बाजूला सावकाश ओढायचा आणि तितक्याच सावकाश परत न्यायचा. पट्टा हलकाच घ्या. मुलं जाड पट्ट्यासाठी हट्ट करतात, पण इथे ताकद दाखवायची नसते. चेंडू सुटल्यावर वेगाने पुढे गेलेल्या हाताला लगाम घालण्याचं काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू करतात, त्यांना फक्त जागं करायचं असतं. दहा-बारा वेळा पुरे.

यानंतर ग्लोव्ह चढवायचा. जोडीदार तीस फुटांवर उभा राहील आणि चेंडू हलका, कमानीत जाईल. सात-आठ फेकींनंतर दोघंही काही पावलं मागे सरकतील, पुन्हा तेवढ्याच फेकी, असं करत साठ-सत्तर फुटांपर्यंत. लिटल लीगच्या माउंडपासून होम प्लेटचं अंतर ४६ फूट आहे, त्यामुळे त्याहून थोडं लांब सहज फेकता आलं की हात तयार झाला असं समजावं. ज्याला पिचिंग करायची आहे त्याने मग माउंडवरून पंधरा-वीस चेंडू टाकावेत, पहिले निम्म्या जोराने. इथले जुने प्रशिक्षक बजावतात की फेकण्यासाठी अंग तापवा, अंग तापवण्यासाठी फेकू नका. गेल्या वर्षी आम्ही बरोबर उलटं करत होतो.

डगआउटमध्ये बसल्यावर पिचरने जाकीट घालायचं, निदान फेकणारा हात तरी झाकायचा. इनिंग लांबली आणि तो पंधरा मिनिटं गारठ्यात बसला, तर पुन्हा चार उड्या आणि थोडे हलके चेंडू. सामना संपल्यावर आपण सगळे पिझ्झाच्या रांगेकडे वळतो, तेव्हा पाच मिनिटं थांबा. आता ते स्थिर ताणणं करायचं. फेकणारा हात छातीवरून दुसऱ्या बाजूला ओढून तीस सेकंद, तळवा वर आणि कोपर सरळ ठेवून बोटं हलकेच मागे ओढायची, मांडीच्या मागचा भाग, खुबा, पोटरी. दुखेपर्यंत ताणायचं नाही, ओढ जाणवली की तिथेच थांबायचं.

एवढं सगळं केलं आणि मुलगा आठवड्यात दोनशे चेंडू टाकत राहिला, तर मात्र काहीही उपयोग नाही. हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. वॉर्म-अप अतिरेकावरचा उतारा नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये डॉ. जेम्स अँड्र्यूज आणि ग्लेन फ्लायसिग यांच्या संस्थेने ४८१ बालपिचरांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला. त्यांच्याच २००६ च्या अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्यांना ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्या दुखापतीचा धोका ३६ पट आढळला. ३६ हा आकडा वाचून मी त्या रात्री झोपले नाही. मोठ्या मुलांच्या स्पर्धांतही हेच घडत आलं आहे. जपानच्या कोशिएन मैदानावर २०१३ साली सोळा वर्षांच्या एका पिचरने पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले आणि जगभर ओरड झाली. तरी आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा तिथल्या शालेय महासंघाने २०२० मध्ये आणली, म्हणजे सात वर्षांनी.

लिटल लीगने २००७ पासून चेंडू मोजण्याचा नियम केला आहे. ९-१० वर्षांच्या पिचरला दिवसाला ७५, ११-१२ च्या पिचरला ८५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर मध्ये चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. चाळीसपेक्षा जास्त चेंडू टाकलेल्याला त्या दिवशी कॅचर म्हणूनही उभं करता येत नाही, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकत असतो. नियम चांगला आहे. पण आपली कितीतरी मुलं लिटल लीगबरोबर एखाद्या क्लबच्या संघातूनही खेळतात. शनिवारचा कोच शनिवारचे चेंडू मोजतो, रविवारचा रविवारचे. दोन्हींची बेरीज कुणीच करत नाही. ती बेरीज करू शकणारं माणूस जगात एकच आहे, मुलाला दोन्हीकडे घेऊन जाणारे तुम्ही. गाडीत एक वही ठेवा. तारीख, संघ, टाकलेले चेंडू, दुसऱ्या दिवशी हात कसा होता, एवढंच लिहा. आकडा जास्त झाला की कोचकडे जाऊन शांतपणे सांगा की आज हा पिचिंग करणार नाही. संकोच वाटेल. तो बाजूला ठेवा. आणि वर्षातले निदान चार महिने मुलाने पिचिंग करू नये, त्यातले दोन-तीन सलग. फुटबॉल खेळू दे, पोहू दे, लेझीम खेळू दे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शनातही चार महिन्यांची ही विश्रांती सांगितली आहे.

मुलं दुखणं लपवतात. आपल्या घरांत तर जास्तच, कारण "एवढ्याशानं काय होतं" हे त्यांनी आपल्याच तोंडून ऐकलेलं असतं. म्हणून "दुखतंय का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येईल. दोन्ही हात पुढे करून सरळ करायला सांगा आणि दोन्ही कोपरं सारखी उघडतात का ते स्वतः पाहा. कोपराच्या आतल्या उंचवट्यावर हलकेच दाबा. चेंडूचा नेम अचानक चुकायला लागला, वेग उतरला, पाणी पिताना हात बदलला, तर त्याच दिवशी फेकणं बंद. कोपर बाहेरच्या बाजूला दुखत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर एक दिवसही थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. वेदनेची गोळी देऊन मुलाला माउंडवर पाठवू नका.

माझा धाकटा भाऊ सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळले जातात हे इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना ठाऊकही नसतं. तिथे चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालची मुलंमुली जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जातात. अडचण वेगळी दिसली तरी मूळ तेच आहे. संघ पहाटे टेम्पोने निघतो, मैदानावर पोचतो आणि लगेच नाव पुकारलं जातं. स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकायची असते, म्हणून एका दिवसात दोन सामने आणि संघात चांगला पिचर एकच. मी माझ्या मुलाची हकिकत कळवली, त्यानंतर भावाने दोन गोष्टी सुरू केल्या. टेम्पो अर्धा तास आधी काढायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून प्रत्येक मुलाच्या पिशवीत एकेक द्यायचा. आमच्या इथल्या विकतच्या पट्ट्याचं काम ती ट्यूब तंतोतंत करते. गावाकडे तुमच्या ओळखीत कुणी या खेळांचे शिक्षक असतील, तर हा मजकूर त्यांनाही पाठवा.

माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. सप्टेंबरमध्ये त्याने पुन्हा चेंडू हातात घेतला, तीस फुटांवरून, हलका. कोपर पूर्ण उघडतं. या मोसमात तो सुरुवातीला दुसऱ्या बेसवर खेळेल. पिचिंगचा विचार मे महिन्यात, डॉक्टरांनी पाहिल्यावर. रोज संध्याकाळी आम्ही दोघं दिवाणखान्यात सतरंजी टाकून व्यायाम करतो. मीही करते, कारण नुसतं सांगून तो करत नाही.

आता कामाचं बोलू. प्रत्येक संघातल्या दोन पालकांनी हे वीस मिनिटांचं काम स्वतःकडे घ्यावं. बेसबॉल येण्याची गरज नाही. ज्यांनी कधी खो-खो, कबड्डी, लंगडी खेळली आहे, ज्यांना सूर्यनमस्कार घालता येतात, त्यांना हे जमेल. या आठवड्यातच कोचला भेटा आणि म्हणा, वॉर्म-अप आम्ही घेतो, तुम्ही मैदान आखा आणि संघाची यादी लिहा. नकार क्वचितच येईल, कारण त्यांनाही मदत हवीच असते. मराठी शाळा चालवणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. एप्रिल ते जून, रविवारी सामना असलेल्या मुलांना अर्धा तास लवकर सोडा. बाराखडी पुढच्या रविवारीही शिकता येईल. आणि आपल्यात जे फिजिओ आहेत, हाडांचे डॉक्टर आहेत, त्यांनी मार्चमधल्या एखाद्या शनिवारी शाळेच्या जिममध्ये येऊन पालकांना हे व्यायाम एकदा करून दाखवावेत. जागेची आणि चहाची सोय मी करते.

आमचा पहिला सामना एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आहे. मी आठ वीसला पट्टे घेऊन आउटफिल्डच्या कुंपणापाशी उभी असेन. मुलांना घेऊन या.